जुना पियानो आणि लाखेचे पॉलिश

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारालगत ‘मनिहारों का रास्ता’ नावाची गल्ली आहे. तेथील कारागीर निखाऱ्यांवर लाख मऊ करून तिच्या बांगड्या घडवितात. या शहरातील एखाद्या जुन्या घरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा पियानो असेल, तर त्याच्या अंगावरील तकाकीही पुष्कळदा याच लाखेची असते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर पोसणाऱ्या एका सूक्ष्म किटकाने स्रवलेली राळ होय. तिचे मोठे उत्पादन झारखंड व छत्तीसगड या भागांत होते. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली संशोधन संस्था स्थापन झाली. कच्ची लाख धुऊन, वितळवून व ताणून तिचे पातळ पापुद्रे केले, की त्यांना चपडा म्हणतात. हाच चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर चढविण्याची रीत एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरली आणि ‘फ्रेंच पॉलिश’ या नावाने आपल्याकडे परत आली. माल आपला, नाव मात्र परक्याचे!

पियानोला हात लावण्यापूर्वी त्यावरील लेप कोणता, हे ओळखले पाहिजे. मागच्या बाजूस, सहज न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा एक थेंब लावावा. लेप काही क्षणांत चिकट झाला तर तो लाखेचा समजावा. स्पिरिटला दाद न देता थिनरने विरघळला, तर तो लॅकर असण्याचा संभव अधिक.

लेप लाखेचा निघाला, तर निम्मे काम वाचले. लाखेचा नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. म्हणून वरवरच्या भेगा, पांढरे डाग व धुरकटपणा घालविण्यासाठी जुने पॉलिश समूळ खरवडण्याची गरज नसते. हौशी माणसाची मोठी चूक येथेच होते. जाड काचकागद घेऊन तो घासू लागतो. परंतु पियानोचा दर्शनी भाग बहुधा साध्या लाकडावर चिकटविलेल्या उंची लाकडाच्या पापुद्र्याचा असतो आणि त्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटर भरते. तो एकदा घासला गेला की परत येत नाही. झाकणावरील निर्मात्याच्या नावाची सोनेरी अक्षरे तर त्याहूनही नाजूक. ती जागा वगळूनच काम करावे.

उभ्या पियानोचे वजन दोनशे किलोंच्या वर असते. तेव्हा तो ओसरीत ओढून नेण्यापेक्षा त्याच्या सुट्या होणाऱ्या फळ्या काढून, त्यांवर क्रमांक घालून, त्या वेगळ्या पॉलिश कराव्यात. आतील तारा, हातोड्या व ध्वनिफलक जाड कापडाने झाकावेत. त्यांना पॉलिशचा स्पर्शही होऊ देऊ नये. पट्ट्यांवर स्पिरिट सांडू नये.

काचेच्या बरणीत एक लिटर स्पिरिटला सुमारे दीडशे ग्रॅम चपडा घालून रात्रभर ठेवावा व सकाळी मलमलीतून गाळावा. कापसाचा बोळा मलमलीत बांधून त्यात हे द्रावण जिरवावे. बुडाशी जवसाच्या तेलाचे बोट लावावे. बोळा सतत फिरता ठेवावा. तो क्षणभर जरी एका जागी थांबला, तरी तेथील मऊ थर उखडतो. दिवसाला थोडेच थर द्यावेत व मध्ये पुरेसे वाळू द्यावे. फार दिवस साठविलेले द्रावण नीट कडक होत नाही, म्हणून लागेल तेवढेच करावे.

जयपुरात या कामाला ऋतूही पाहावा लागतो. उन्हाळ्यात धुळीची वादळे येतात आणि ओल्या पॉलिशवर कण बसतात. पावसाळ्यात दमट हवेतील ओलावा थरावर जमून पांढरी साय धरते. वाळ्याच्या कूलरसमोर काम केल्यासही तोच परिणाम होतो. दिवाळीच्या सुमाराचे किंवा फाल्गुनातील कोरडे दिवस उत्तम.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. स्पिरिटची वाफ पेट घेते. जवळ दिवा, शेगडी वा विडी नको, खिडक्या उघड्या हव्यात. जवसाच्या तेलाचे बोळे एकत्र गोळा करून टाकल्यास ते आपोआप तापून पेटू शकतात. म्हणून ते पाण्यात भिजवून मगच टाकावेत. पांडवांसाठी रचलेले लाक्षागृह आपण सर्वांनी ऐकले आहे. लाखेची तकाकी आणि तिचे ज्वालाग्राहित्व, हे एकाच वस्तूचे दोन गुण आहेत.

एवढे करूनही सूर मात्र सुधारत नाही. ते काम सूर लावणाऱ्या जाणकाराचे. पॉलिश संपल्यावर त्यालाच बोलवावे.