मोजणाऱ्याचं कॅलिब्रेशन

मैत्रिणींनो, मोजमाप आपल्याला नवीन नाही. व्हर्नियर, मायक्रोमीटर, मल्टिमीटर... फर्स्ट इयरपासून आपण रीडिंग्ज घेतोय. पण एखादी सरकारी योजना किंवा संस्थेचा उपक्रम लोकांना खरंच उपयोगी पडला का, हे कशाने मोजायचं? हे काम करणाऱ्यांना मूल्यमापक म्हणतात. इथे इन्स्ट्रुमेंट म्हणजे माणूसच! मग त्याचं कॅलिब्रेशन कसं करतात?

पुण्यात अशा कामाची परंपरा जुनी आहे. १९३० साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था आपल्या कर्वेनगरहून फार लांब नाही. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण नवशिक्यांना कसं तयार करतात हे समजायला 'प्रथम' संस्थेची 'असर' ही पाहणी जास्त सोपी. ग्रामीण मुलांना वाचता येतं का, गणित येतं का, हे त्यात घरी जाऊन तपासतात. सुरुवात २००५ मध्ये झाली. २०२४ च्या पाहणीत ६ लाखांहून जास्त मुलं होती. आणि घरोघर जाणाऱ्यांत आपल्याच वयाचे कितीतरी विद्यार्थी असतात!

त्यांना आधी दोन-तीन दिवस ट्रेनिंग. वर्गात शिकायचं, जवळच्या गावात सराव करायचा, मग चाचणी द्यायची. कमी पडलेल्याला चांगला जोडीदार देतात, नाहीतर वगळतात. मुख्य कौशल्यं तीन :

१) घर निवडणं – गावात फिरून नकाशा काढायचा, गावाचे चार भाग करायचे. प्रत्येक भागात दर पाचवं घर, अशी पाच घरं. म्हणजे एकूण २०. ओळखीचं किंवा चहा देणारं घर निवडायचं नाही!

२) गप्प बसणं – हे सगळ्यात अवघड. मुलाला आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद देतात. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाहीतर शब्द, मग अक्षरं. पाच शब्दांपैकी चार बरोबर आले तर 'शब्द' ही पातळी. मूल अडखळलं की आपल्या ओठावर शब्द येतोच. पण तो सांगितला तर कागदावर त्या मुलाला वाचता येतं, आणि ज्या मदतीची त्याला खरी गरज आहे ती त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्या क्षणाचा चांगुलपणा मुलालाच महागात पडतो.

३) दिसलं तेच लिहिणं – लॅबमध्ये उत्तर आधीच माहीत असतं, म्हणून रीडिंग 'जुळवायचा' मोह होतो. इथे उत्तर कुणालाच माहीत नसतं. म्हणून काही गावांत दुसरी माणसं जाऊन तपासणी करतात. याचा राग मानायचा नाही. मीटरसुद्धा आपण दुसऱ्या मीटरशी ताडून बघतोच ना?

हे फक्त समाजकार्यवाल्यांसाठी आहे असं समजू नका. उद्या मेसच्या जेवणाचा सर्व्हे करायचा झाला, तर फक्त आपल्या मैत्रिणींच्या रूम्स नकोत. दर पाचवी रूम घ्या. "भाजी वाईटच असते ना?" असं विचारू नका, "भाजी कशी असते?" असं विचारा. आणि कुणी "छान असते" म्हणाली तर, कितीही जिवावर आलं तरी, तसंच लिहा!