नात्यातले लग्न आणि वारंवार गर्भपात

बेळगाव भागात मामाची मुलगी करून आणणे हा जुना रिवाज. जमीन घरात राहते, मुलगीही ओळखीच्या सासरी जाते. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणे आते-मामे भावंडांच्या लग्नाला बिशपांची सूट लागते. मिळाल्यास लग्न होते. पुढे दोन-तीनदा दिवस जाऊन पोट पडले, की कोणी सुनेला बोल लावतो, कोणी म्हणतो, “रक्त एकच, टिकणार कसे?”

वळूला त्याच्याच कालवडी दाखवू नयेत, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. दडलेला दोष दोन्हीकडून येऊन उघडा पडतो. माणसाच्याही अंगी काही सदोष जनुके असतात. जोडीचे दुसरे चांगले असल्याने निभावते. आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा जनुके समाईक असतात, मामा-भाचीत चौथा. दोघांकडे तोच दोष असेल, तर दर खेपेस चारांत एक धोका. तीन मुले नीट झाली म्हणून चौथे आजारी, असा हिशेब नव्हे! एरवी शंभरांत दोन-तीन बाळांना गंभीर जन्मदोष असतो. अशा जोडप्यांत साधारण दुप्पट. म्हणजे बहुतेक मुले धडधाकटच.

गर्भपाताचे मात्र निराळे आहे. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. त्याचा संबंध नात्यापेक्षा आईच्या वयाशी अधिक. म्हणून “नात्यातले लग्न ना, मग झाले” असे म्हणून गप्प बसणे मला घातक वाटते; बरे होणारे कारण तसेच राहते. थायरॉइडचा विकार, ताब्यात नसलेला मधुमेह, गर्भाशयातील पडदा, रक्तात गुठळ्या करणारा अँटीफॉस्फोलिपिड दोष, ही त्यांपैकी काही. शेवटच्या दोषावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली अ‍ॅस्पिरिन व हेपॅरिन देतात. काही वेळा आई किंवा बापाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात, म्हणून नवऱ्याचेही रक्त तपासावे लागते. पुरुष येथे हटकून मागे राहतात.

पोट उशिरा पडले, गर्भ सुजलेला होता, किंवा तान्ही मुले एकाच तऱ्हेने दगावली, तर नात्याचा विचार जरूर करावा व आनुवंशिकतेच्या डॉक्टरांकडे जावे.

दुसऱ्या गर्भपातानंतर दोघांनी मिळून तपासणीला जावे. कितव्या आठवड्यात पोट पडले, आपसांतले नाते काय, दोन्ही घरांत कोणती मुले गेली, हे कागदावर लिहून न्यावे. जुनी सोनोग्राफी फेकू नये. पुन्हा दिवस जाण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज घ्यावी. सर्वसाधारण मात्रा ४०० मायक्रोग्रॅम, मधुमेह असल्यास डॉक्टर जास्त देतात.