स्थलनाम आणि द्राक्षाची जात

द्राक्षाच्या मालाचे मोल दोन गोष्टींवर ठरते. एक वेलीची जात, आणि दुसरी ज्या भूमीत ती वाढली त्या भूमीचे नाव. जातीचा विचार आपण पुष्कळ करतो. नावाचा करीत नाही. म्हणून या लेखात त्याचा थोडा ऊहापोह करण्याचे आम्ही योजिले आहे.

फ्रान्स देशात ऱ्होन नदीच्या काठी शातो-ग्रिये नावाचा एक द्राक्षमळा आहे. क्षेत्र अवघे साडेआठ एकरांच्या आसपास. दक्षिणेकडील उन्हाच्या उतारावर दगडी ताली घालून केलेल्या या मळ्यात व्हियोनिए ही एकच पांढरी जात लावितात. १९३६ साली या नावास कायद्याचे संरक्षण मिळाले. हद्दीबाहेरील द्राक्षांच्या, अथवा हद्दीतीलही अन्य जातीच्या द्राक्षांच्या मद्यास ते नाव लावता येत नाही. क्षेत्र लहान असूनही नाव मोठे राहिले ते या शिस्तीमुळे.

आपल्याकडे याच तत्त्वाचा कायदा १९९९ साली झाला, आणि २०१६ साली ‘सांगली बेदाणा’ या नावाची नोंद झाली. तासगाव, कवठे महांकाळ, जत या पूर्वभागात पाऊस थोडा व उन्हाळ्यातील हवा कोरडी. बेदाण्यास तीच हवी. तेथील मुख्य जात थॉम्सन सीडलेस. तास-ए-गणेश, सोनाका व माणिक चमन या तिच्यातूनच निवडलेल्या. मण्यांत साखर चांगली भरली, म्हणजे बावीस अंशांच्या पुढे गेली, की घड उतरवून पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑईलच्या द्रावणात बुडवितात आणि शेडमध्ये जाळीवर पसरून सुमारे पंधरा दिवस वाळवितात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो.

आष्ट्याचे वाचक म्हणतील, आमची कृष्णाकाठची काळी जमीन उसाची व हळदीची; आम्हांस याचे काय? परंतु सांगलीच्या हळदीच्या नावाचीही २०१८ साली नोंद झाली आहे. तेव्हा हा धडा आपणांसही तितकाच लागू आहे.

नाव ही सर्वांच्या सामाईक मालकीची विहीर होय. एकाने तीत घाण टाकिली तर पाणी सर्वांचेच नासते. परमुलखाचा माल आपल्या पोत्यात मिसळून चार पैसे अधिक मिळतील. पण गिऱ्हाईक एकदा फसले की नावाचा भाव उतरतो, आणि तो प्रामाणिक शेतकऱ्याचाही उतरतो. शिवाय नोंद कागदावर असून भागत नाही. ती दहा वर्षांची असते व मुदत सरताच नवी करून घ्यावी लागते. आणि ज्यास ते नाव आपल्या मालावर रीतसर वापरावयाचे, त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद केली पाहिजे.

करिता प्रत्येकाने आपल्या मालाची जात, गट क्रमांक व काढणीची तारीख वहीत लिहून ठेवावी, भेसळीस हात लावू नये, आणि गावातील उत्पादकांनी एकत्र येऊन नोंदणीचे काम उरकावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.