विजेच्या सायकलीतील दंतचक्रांची दुरुस्ती

विजेवर चालणारी सायकल आज राज्यातील अनेक रस्त्यांवर दिसू लागली आहे. दूध घालणारा गवळी, पाळीवर जाणारा कामगार, चार-पाच किलोमीटर अंतरावरील विद्यालयात जाणारी मुलगी, अशा अनेकांना तिचा आधार वाटतो. मोटारीची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि नियमातील इतर अटी पूर्ण होत असतील, तर असे बॅटरीचलित वाहन केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन मानले जात नाही. त्यामुळे नोंदणी व परवाना यांची आवश्यकता भासत नाही.

अशी सायकल वर्ष-दोन वर्षे चांगली चालते आणि एके दिवशी मूठ पिळली की आतून घरघर ऐकू येते, परंतु चाक जागचे हलत नाही. ‘मोटार गेली’ अशी समजूत होऊन सायकल अडगळीत जाते किंवा नव्या मोटारीचा खर्च पदरी पडतो. वस्तुतः अशा वेळी मोटार पुष्कळदा शाबूत असते. झिजलेली असतात ती तळहातावर मावतील अशी तीन लहान दंतचक्रे.

हबमधील रचना

चाकाच्या हबमध्ये बसविलेल्या मोटारींचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात मोटार चाकाला थेट फिरवते. तीत दंतचक्रे नसतात. दुसऱ्या प्रकारात मोटार लहान व वेगवान असते आणि दंतचक्रांच्या योगे तिचा वेग कमी करून चाकास जोर दिला जातो. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

२६ इंची चाकाचा परिघ सुमारे २.०७ मीटर असतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना ते मिनिटाला सुमारे २०० फेरे घेते. वेग पाचपट कमी करणारी रचना असेल, तर त्याच वेळी मोटार सुमारे १,००० फेरे घेत असते. मध्यभागी मोटारीला जोडलेले लहान पोलादी सूर्यचक्र, त्याभोवती तीन ग्रहचक्रे आणि हबच्या कवचाला आतून बसविलेले दातेरी वलय, अशी ही रचना आहे. ग्रहचक्रांच्या बैठकीत एकदिशा क्लच असतो. मोटार चालू असता तो बैठक जागेवर धरून ठेवतो आणि केवळ पायाने सायकल चालविताना ती मोकळी सोडतो.

नायलॉन कशासाठी?

ग्रहचक्रे बहुधा नायलॉनची असतात. वॉलेस कॅरोथर्स यांनी १९३५ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार केलेला हा पदार्थ हलका असून पोलादावर फारसा आवाज न करता फिरतो. त्याचे मऊपण येथे उपयोगी पडते. घरातील फ्यूजची तार स्वतः वितळून वायरिंग वाचवते, त्याचप्रमाणे भार असह्य झाला की नायलॉनचा दाता तुटतो आणि सूर्यचक्र, वलय व क्लच हे महागडे भाग वाचतात. म्हणून ‘कायमचा इलाज’ म्हणून पोलादी ग्रहचक्रे बसविण्याचा मोह टाळावा. त्यांनी आवाज वाढतो आणि पुढील झटका या महागड्या भागांवर जातो.

दोषाचे निदान

खोलण्यापूर्वी चाक जमिनीपासून उचलून पाहावे. मूठ पिळल्यावर मोटार मुळीच फिरत नसेल किंवा नुसती थरथरत असेल, तर दोष बहुधा तारांत, सेन्सरमध्ये किंवा कंट्रोलरमध्ये असतो. मोटार वेगाने फिरूनही चाक थांबलेले असेल, तर दंतचक्रे अथवा क्लच निकामी झाला आहे. भार पडताच टक्‌टक् आवाज येत असेल, तर एखादा दाता तुटलेला असावा. आणखी एक परीक्षा अशी : चाक हाताने उलट फिरवावे. निर्दोष स्थितीत मोटारीचा अवरोध स्पष्ट जाणवतो. चाक उलटही सुलटाइतकेच मोकळे फिरले, तर मधली साखळी तुटली आहे असे समजावे. दोष लक्षात येताच मोटार बंद करून पायाने घर गाठावे. आतील तुकडे घेऊन मोटार चालविल्यास वलयाचीही हानी होते.

दुरुस्तीचा क्रम

हमीची मुदत शिल्लक असेल तर हब उघडू नये. मुदत संपली असल्यास प्रथम बॅटरी काढावी आणि मोटारीचा जोड सोडवावा. नट व वायसर यांचा क्रम लिहून ठेवून चाक उतरवावे. झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी ढिले करावेत. झाकण घट्ट बसले असल्यास लाकडी हातोडीने हलके ठोकावे; पोलादी हातोडी आसावर मारू नये. काढलेले भाग त्याच क्रमाने स्वच्छ कापडावर मांडावेत.

सर्कलिप काढल्यावर ग्रहचक्रे बैठकीतून निघतात. नवी चक्रे घेताना जुने चक्र सोबत न्यावे आणि दात्यांची संख्या, बाहेरील व्यास, जाडी, बेअरिंगचे छिद्र व दाते तिरपे असल्यास त्यांची दिशा ताडून पाहावी. एक दाता कमी-अधिक असला तरी चक्र निरुपयोगी ठरते. तुटलेला दाता डिंकाने अथवा रसायनाने चिकटविण्याचा प्रयत्न व्यर्थ होय.

तिन्ही चक्रे एकाच वेळी बदलावीत. भार तिघांनी मिळून वाहावयाचा असतो. एक नवे व दोन झिजलेली असतील, तर सारा भार नव्यावर पडून तेच प्रथम तुटते.

नायलॉनचा चुरा कोरड्या कापडाने टिपून घ्यावा. गुंडाळीवर रॉकेल वा पेट्रोल ओतू नये. क्लच एका दिशेने फिरतो व दुसऱ्या दिशेने अडतो, याची खात्री करावी. बेअरिंग खरखरत असल्यास बदलावे. प्लॅस्टिकच्या चक्रांस चालणारे, उष्णता सोसणारे ग्रीस दात्यांवर पातळ थराने लावावे; अधिक लावल्यास ते गुंडाळीवर उडते. झाकण बसवून चाक प्रथम हाताने व नंतर मोटारीने मंद गतीने फिरवून पाहावे.

कारणाचा शोध

चक्रे बदलली तरी कारण कायम राहिले, तर तोच प्रसंग पुन्हा येतो. ओझ्यासह चढावर जागेवरून एकदम पूर्ण मूठ पिळणे, हे झिजेचे मोठे कारण आहे. निघताना दोन-चार पायंडे पायाने मारावेत, मग मोटारीचे साहाय्य घ्यावे. लांब चढावर मोटार तापते व तापलेले नायलॉन मऊ पडते. तेव्हा मध्ये विसावा द्यावा. वेग वाढविण्यासाठी अधिक विद्युत्प्रवाहाचा कंट्रोलर बसविल्यास दात्यांवर रचनेबाहेरचा भार येतो. वाळलेले ग्रीस आणि सैल बेअरिंग हीही नेहमीची कारणे होत.

हे काम खेड्यातील सायकल दुरुस्तीच्या दुकानातही होऊ शकते. पाने, सर्कलिपची पक्कड, लाकडी हातोडी आणि धीर एवढे साहित्य त्यास पुरे आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी हे कौशल्य अंगी बाणविले, तर त्यांना गावातच काम मिळेल आणि तीन लहान चक्रांसाठी कुणाच्या मुलीची शाळा वा कुणाची पाळी चुकणार नाही.