व्रण पडलेल्या, कोरड्या कातडीच्या कुत्र्याची निगा



मळ्यात राखणीला कुत्रा असतोच. तो बहुधा विकत आणलेला नसतो. रस्त्याच्या कडेला पडलेला कोणी उचलून आणतो, तर कधी ऊसतोडीचा तळ उठल्यावर मागे राहिलेला कुत्रा वस्तीवरच थांबतो. असा कुत्रा येतो तेव्हा त्याच्या पाठीवरचे केस गेलेले असतात, कातडी राखेसारखी कोरडी झालेली असते आणि अंगावर भाजल्याचे, चावल्याचे किंवा तारेचे जुने व्रण असतात. त्याला पोटभर खायला मिळू लागले की महिन्याभरात अंग भरते, पण कातडी मात्र तशीच राहते. मग जो तो आपापला उपाय सांगू लागतो.

एका बागायतदाराने आणलेल्या कुत्रीचे उदाहरण येथे देत आहे. रानडुकरांसाठी कोणीतरी लावलेल्या तारेच्या फासात तिची मान अडकली होती. तार काढली, जखमही भरली. परंतु अंगावर खरूज होती म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तिला ट्रॅक्टरचे जळके ऑईल चोपडले. खाज थांबली नाही. कातडी काळी पडून तडकली आणि अंग चाटून चाटून कुत्रीने खाणे सोडले. त्यातच घरातील लहान मुलीच्या हातांवर खाजरे पुरळ उठले. आता हिला लांब नेऊन सोडावे, असे घरात ठरत आले होते. सोडण्यापूर्वी एकदा दाखवावे म्हणून ती दवाखान्यात आली.

जळके ऑईल का लावू नये

हा उपाय गावोगाव चालतो म्हणून त्याबद्दल आधी सांगणे जरूर आहे. इंजिनातून काढलेल्या ऑईलमध्ये जड धातूंचे कण व जळालेले विषारी पदार्थ असतात. कुत्रा अंग चाटतो, त्यामुळे ते पोटात जातात व यकृत आणि मूत्रपिंड यांना इजा होते. तडकलेल्या कातडीतूनही काही भाग आत शोषला जातो. रॉकेल, पेट्रोल, फवारणीची कीटकनाशके, ढेकणांची पावडर यांचीही गोष्ट तीच. पूर्वी घरोघर असणारी गॅमेक्झिन पावडर (बीएचसी) आपल्या देशात १९९७ पासून बंद आहे, तरीही कोठे जुना डबा शिल्लक असल्यास तो जनावरांसाठी वापरू नये.

ऑईल लावून झाले असेल तर ते काढावे कसे? आधी अंगाला गोडेतेल चोळावे, म्हणजे काळे ऑईल सुटते. मग भांडी धुण्याच्या सौम्य द्रव साबणाने कोमट पाण्यात दोनतीनदा धुवावे आणि अंग कोरडे करावे. रॉकेलने पुसू नये.

गंधक खोबरेल तेलात खलून लावण्याची जुनी पद्धत मात्र अगदीच निराधार नाही. गंधक खरजेच्या किडीवर चालते आणि औषधी मलमात ते ५ ते १० टक्के असते. पण त्यासाठी फवारणीचे पाण्यात मिसळणारे गंधक वापरू नये. त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात आणि ते कातडीसाठी बनवलेले नसते.

व्रण आणि रोग वेगळे ओळखावेत

कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर माणसापेक्षा बराच पातळ असतो. निरोगी कातडीत केसांच्या मुळाशी तेलग्रंथी असतात. त्यांचे तेल केसांवर पसरते म्हणून अंग मऊ व चकचकीत दिसते. खोल जखम भरून येते तेव्हा तेथे केसांची मुळे पुन्हा तयार होत नाहीत आणि तेलग्रंथीही येत नाहीत. व्रणाची जागा कोरडी पडते, तडकते आणि थोड्या घासण्याने पुन्हा फुटते ती यामुळेच. तेथील तेल कायमचे गेलेले असल्याने ते आपल्याला बाहेरून द्यावे लागते.

केस गेलेली प्रत्येक जागा व्रणाची नसते. उजेडात धरून बोटांनी कातडी ताणून पाहावी. बारीक छिद्रे किंवा खुंट दिसले तर केसांची मुळे जिवंत आहेत असे समजावे. रोग गेल्यावर दोनतीन महिन्यांत तेथे केस येतील. जागा गुळगुळीत, चकाकणारी आणि छिद्ररहित असेल तर तेथे केस येण्याची आशा धरू नये. त्यासाठी महागडी तेले आणून पैसे घालवू नयेत. खरजेमुळे हत्तीच्या कातडीसारखी जाड, करडी झालेली जागा मात्र सावकाश, काही महिन्यांत बरीच मऊ होते.

चालू असलेला रोग तसाच ठेवून वरून तेल लावत राहिल्यास उपयोग होत नाही. कुत्रा सारखा खाजवत असेल, कानांच्या कडांवर, कोपरांवर व पोटावर खपल्या असतील तर खरजेचा संशय घ्यावा. कानाची कड अंगठा व बोटात धरून थोडी चोळून पाहावी. त्याचा मागचा पाय आपोआप खाजवण्यासारखा हलू लागला तर खरूज असण्याची शक्यता बरीच असते. खात्री मात्र पशुवैद्यकाने कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते. दुसरी एक खरूज केसांच्या मुळांत राहणाऱ्या किडीमुळे होते. ती पिलांना आईकडून येते आणि उपासमार झालेल्या, अशक्त कुत्र्यात बळावते. ती माणसाला होत नाही. गोलाकार चट्टे व तुटलेले केस दिसल्यास गजकर्ण असू शकते. ते मुलांना व वासरांनाही होते.

वरील मुलीच्या हातावरचे पुरळ कुत्रीच्या खरजेमुळेच होते. कुत्र्याच्या खरजेची कीड माणसाच्या कातडीत फार काळ टिकत नाही आणि कुत्र्यावर उपचार झाले की पुरळ बहुधा जाते. तरी मुलीला डॉक्टरांना दाखवावे असे त्यांना सांगितले. कुत्री सोडून दिली असती तर तीच खरूज पुढच्या वस्तीवर गेली असती.

औषधाबाबत सावधगिरी

गोठ्यात जनावरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुत्र्याला अंदाजाने टोचणारे अनेक जण आहेत. हे धोक्याचे आहे. १ टक्का इंजेक्शनच्या १ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते आणि हा १ मिली ५० किलो वजनाच्या जनावराचा डोस आहे. या हिशेबाने १० किलोच्या कुत्र्याला ०.२ मिली पुरतो. सिरिंजमध्ये सहज १ मिली भरला गेला तर तो पाचपट होतो. शिवाय कॉली जातीचे रक्त असलेल्या कुत्र्यांना हे औषध थोडे जास्त झाले तरी मेंदूवर परिणाम करते. कुत्रा झोकांड्या खातो, लाळ गाळतो, त्याला दिसेनासे होते, प्रसंगी तो मरतो. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्यात कोणते रक्त आहे हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून वजन करून पशुवैद्यकानेच हे औषध द्यावे.

गोचिडांसाठीचे १२.५ टक्के अमिट्राझही बहुतेक गोठ्यांत असते. खरजेसाठी ते १ लिटर पाण्यात २ मिली या प्रमाणात, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, हातमोजे घालून अंगाला लावतात व धुवून न काढता वाळू देतात. ओल्या जखमांवर, लहान पिलांना व फार अशक्त कुत्र्याला ते लावू नये आणि अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नये. अलीकडे अफोक्सोलॅनर, फ्लुरालॅनर यांसारख्या तोंडाने देण्याच्या गोळ्या निघाल्या आहेत. त्या वजनानुसार देतात आणि खरूज, गोचीड, पिसवा या तिन्हींवर चांगल्या चालतात. खर्च थोडा जास्त आहे, पण अंगावर विष लावण्याचा व चाटण्याचा प्रश्न उरत नाही, म्हणून परवडत असल्यास आम्ही त्याच सुचवतो. फेफरे येणाऱ्या कुत्र्याबाबत आधी पशुवैद्यकाला सांगावे.

उपचार एकदाच करून थांबू नये. खरजेच्या किडीची अंड्यांपासून पुढची पिढी दोन ते तीन आठवड्यांत तयार होते. कुत्र्याचे पोते, गोधडी उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालते, त्यामुळे कुत्रा बसतो तेथील भेगा बुजवून चुना द्यावा.

रोजची निगा

खाज थांबली, खपल्या गळाल्या की मग खरे व्रणाचे काम सुरू होते.

अंघोळ आठवडा-पंधरवड्यातून एकदा पुरे. माणसाचा साबण वापरू नये. आपली कातडी आम्लधर्मी असते व कुत्र्याची बरीचशी उदासीन, म्हणून आपला साबण तिला मानवत नाही व ती आणखी कोरडी पडते. कपड्यांचा साबण तर नकोच. पशुवैद्यकाने क्लोरहेक्झिडीनचा शाम्पू दिला असल्यास तो अंगावर दहा मिनिटे राहू द्यावा आणि कोमट पाण्याने पूर्ण काढावा. शाम्पू अंगात राहिला तर त्यानेच खाज सुटते.

अंघोळीनंतर अंग टिपून घ्यावे, चोळू नये. व्रणाची जागा किंचित ओलसर असतानाच तेथे तेल लावावे, म्हणजे आतला ओलावा धरला जातो. आधी एक भाग ग्लिसरीन व दहा भाग पाणी असे मिश्रण लावल्यास अधिक चांगले. तेल साधे खोबरेल असावे. तळहाताएवढ्या व्रणाला पाव चमचा पुरतो. बोटाच्या पोटाने हलकेच गोल फिरवत दोन मिनिटे जिरवावे आणि उरलेले पुसून टाकावे. भरपूर तेल थापल्यास त्यावर माती बसते, कुत्रा ते चाटतो व त्याला हगवण लागते. जेवण देण्याच्या आधी दहा मिनिटे तेल लावून लगेच ताट ठेवावे. खाण्याच्या नादात तो चाटायचे विसरतो आणि तेवढ्यात तेल मुरते. पहिल्या काही दिवसांत असा कुत्रा हात लावू देत नाही. तेव्हा व्रणाला हात न लावता शेजारच्या चांगल्या जागेपासून सुरुवात करावी. जबरदस्तीने दाबून धरू नये. मार खाल्लेला कुत्रा अशा वेळी चावतो.

हिवाळ्यात रोज, उन्हाळ्यात एक दिवसाआड तेल पुरते. पावसाळ्यात बेतानेच लावावे. कातडीला आंबूस वास येऊन ती चिकट झाली असेल तर ते बुरशीचे लक्षण आहे. तेथे तेल अजिबात लावू नये.

घरातील कोणतेही मलम आणून लावण्याचा मोह टाळावा. झिंक ऑक्साईडचे मलम चाटल्याने जस्ताची विषबाधा होते. गजकर्णासाठी दुकानात मिळणाऱ्या मलमांत बहुधा स्टिरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते व खरूज असल्यास ती पसरते. टी ट्री तेलही कुत्र्याला विषारी आहे.

मानेवर व्रण असलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा किंवा दोरी घालू नये. जुन्या सुती नवारीची दीड-दोन इंची पट्टी छातीवरून व पुढच्या पायांमागून घेऊन बांधावी. कोपरावर व्रण असल्यास खाली दुमडलेले गोणपाट घालावे, कारण कठीण जमिनीवर बसून ती जागा पुन्हा पुन्हा फुटते. केस नसलेली गुलाबी किंवा पांढुरकी जागा उन्हात भाजते, म्हणून दुपारी सावली हवी.

पोटातून काय द्यावे

आपल्याकडे कुत्रा भाकरी-ताकावर वाढतो. नुसत्या धान्यातील जस्त त्याच्या अंगी नीट लागत नाही आणि अशा कुत्र्याच्या तोंडाभोवती, कोपरांवर खपल्या धरतात. भाकरीबरोबर उकडलेले अंडे, मांसाचे किंवा माशाचे तुकडे द्यावेत. अंडे कच्चे देऊ नये. कातडीला लागणारे स्निग्धाम्ल करडईच्या तेलात भरपूर असते. १० किलोच्या कुत्र्याला अर्ध्या चमच्यापासून सुरू करून रोज एक चहाचा चमचा तेल भाकरीवर घालावे. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. कांदा, लसूण देऊ नये. द्राक्ष बागायतदारांनी विशेष ध्यानात ठेवावे की द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शेडवर सांडलेले बेदाणे त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत.

आणखी एक. आणलेल्या कुत्र्याला पूर्वी काय चावले आहे हे आपल्याला माहीत नसते. त्याला लगेच रेबीजची लस टोचून घ्यावी आणि सुरुवातीला वेगळे बांधून त्याच्या वागण्यावर लक्ष ठेवावे. तेल लावताना आपल्या हाताला ओरखडा असल्यास हातमोजे घालावेत. तो चावला, बोचकारले किंवा लाळ जखमेला लागली तर साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना, मिरची भरू नये.

वर सांगितलेल्या कुत्रीला गोळी दिली, ऑईल काढले आणि बागायतदाराच्या आईने रोज संध्याकाळी तेल लावण्याचे काम अंगावर घेतले. तीन महिन्यांत पाठीवर केस आले. मानेभोवती दोन बोटे रुंदीची केस नसलेली पट्टी मात्र राहिली आहे आणि ती राहणारच. थंडी पडू लागली की ती पट्टी पांढुरकी दिसते, तेव्हा तेल पुन्हा रोज सुरू करावे लागते. अशा जुन्या व्रणावर गाठ आली किंवा फोड तीन-चार आठवड्यांत भरला नाही तर तेलावर न थांबता कुत्रा दवाखान्यात न्यावा, कारण क्वचित तेथे कर्करोगही होतो आणि लवकर कळल्यास तो भाग काढून टाकता येतो.