उभ्या गाडीची थरथर : निदान आणि उपाय

रुग्णाला घेऊन निघालेली गाडी घाटात बंद पडली, तर प्रश्न केवळ खोळंब्याचा राहत नाही. इंजिन थांबताच ब्रेकला मिळणारे व्हॅक्यूमचे साहाय्य दोन-चार वेळा दाबण्यापुरतेच उरते. स्टीअरिंगही जड होते. म्हणून उभी असताना थरथरणारी गाडी वेळीच तपासून घ्यावी.

आयडलिंगमध्ये पेट्रोल इंजिन मिनिटाला साधारणपणे ७०० ते ९०० फेरे घेते. त्या वेळी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते व हवा अत्यल्प लागते. पेट्रोलच्या एका भागास हवेचे सुमारे १४.७ भाग, हे वजनी प्रमाण बाहेरून शिरलेल्या थोड्या हवेनेही बिघडते.

दोष केव्हा दिसतो, हीच निदानाची किल्ली होय. वेग वाढताच थरथर नाहीशी होत असल्यास तडकलेली व्हॅक्यूम नळी शोधावी. तेथे बहुधा फुसफुस ऐकू येते. सर्व वेगांत झटके बसत असल्यास स्पार्क प्लग व इग्निशन कॉइल पाहावे. एअर कंडिशनर लावताच इंजिन बंद पडत असल्यास काजळीने माखलेली थ्रॉटल बॉडी स्वच्छ करावी. इंजिनाचा इशारादिवा लागला असेल, तर प्रथम स्कॅनरवर दोष-संकेत वाचावा.

तपासणी मोकळ्या जागेत, हँडब्रेक लावून करावी. बंद गॅरेजमध्ये साचणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. एका वेळी एकच भाग बदलावा, म्हणजे खरा दोष कळतो आणि सार्वजनिक पैसाही वाया जात नाही.