स्पेक्ट्रम अमिगावर चढवताना

अमिगा ५०० वर झेडएक्स स्पेक्ट्रमचा एम्युलेटर लिहायला घेतला, तेव्हा मित्रांचं मत एकच होतं : दुप्पट वेगाच्या मशीनला त्यात काय जड! स्पेक्ट्रम १९८२ चा, आत झेड-८० प्रोसेसर, वेग ३.५ मेगाहर्ट्झ. अमिगा ५०० हा १९८७ चा, आत ६८०००, वेग सातच्या किंचित वर. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीच्या देशी डीबी स्पेक्ट्रमवर हात बसलेली मंडळी अजून आहेत. त्यांच्यापैकी कुणाला ही हुक्की आली, तर आधी हिशेब मांडा.

झेड-८० चा सगळ्यात छोटा आदेश चार ठोक्यांत उरकतो. तेवढ्या वेळात अमिगाला मिळतात जेमतेम आठ ठोके, आणि मेमरीतला पुढचा बाइट उचलायलाच ६८००० चे आठ ठोके जातात. आदेश ओळखणं, त्याच्या रूटीनवर उडी मारणं, फ्लॅग लावणं हे सगळं उधारीवर. त्यामुळे साध्या अमिगा ५०० वर पूर्ण वेगाचा नाद सोडा.

वेगाचं दुखणं निदान दिसतं तरी. झेड-८० ला सोळा बिटांची संख्या कुठल्याही पत्त्यावर चालते, ६८००० ला विषम पत्ता खपत नाही. स्पेक्ट्रमचे गेमवाले चित्र झटपट काढायला स्टॅक पॉइंटर थेट स्क्रीनच्या मेमरीत नेऊन ठेवतात. तो विषम पत्त्यावर असताना तुम्ही एका दमात सोळा बिटांचा शब्द लिहिलात, की अमिगाच्या काळ्या पडद्यावर लाल चौकट लुकलुकते : गुरू मेडिटेशन, क्रमांक ३. त्यात दोन्ही प्रोसेसर बाइट एकमेकांच्या उलट क्रमाने ठेवतात. तेव्हा स्टॅकचं काम बाइट-बाइट करा, वेळ गेला तरी चालेल.

खरी मेख मात्र वेळेच्या गणितात आहे. स्पेक्ट्रमच्या रॅममधले खालचे १६ के म्हणजे एका नळावर दोन बिऱ्हाडं. चित्र काढणारी यूएलए चिप आणि प्रोसेसर दोघांनाही तीच मेमरी हवी, आणि मान पहिला यूएलएचा. पडद्यावर चित्राच्या १९२ ओळी उमटत असताना प्रोसेसरला तिथे सहा ठोक्यांपर्यंत ताटकळावं लागतं. एका फ्रेमचे एकूण ठोके ६९,८८८. हा खोळंबा धरला नाही तरी बहुतेक गेम चालतात, आणि तिथेच माणूस फसतो. ‘झालं की!’ म्हणून मित्रांना डिस्क वाटून मोकळा होतो.

१९८३ चा ‘अॅक्वाप्लेन’ लावून बघा. त्यात समुद्राचं क्षितिज चित्राबाहेरच्या बॉर्डरमध्येही पसरलेलं दिसतं, कारण फ्रेमच्या मध्यावर बॉर्डरचा रंग बदलला जातो. फ्रेमला एकदाच बॉर्डर रंगवणारा एम्युलेटर सगळीकडे एकच रंग फासतो, आणि ठोके चुकले तर आतलं क्षितिज एका उंचीवर, बाहेरचं दुसऱ्या. इथे अमिगाचा कॉपर हा सहप्रोसेसर कामी येतो. रंग बदलायचा आदेश आला की ओळीचा क्रमांक टिपून ठेवा आणि त्यावरून पुढच्या फ्रेमसाठी कॉपरची यादी तयार करा. कॉपर ठरलेल्या ओळीवर रंग बदलतो, प्रोसेसरला हातही लावावा लागत नाही. मला या कॉपरचं अजून कौतुक वाटतं.

‘स्पेक्ट्रम’ म्हणताना कुठला स्पेक्ट्रम, तेही ठरवा. १२८ के मॉडेलची फ्रेम ७०,९०८ ठोक्यांची. ४८ के मध्येही दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीचे बोर्ड वेगळे वागतात : एकही की दाबलेली नसताना कीबोर्डच्या पोर्टवर दुसरीत २५५ वाचायला मिळतात, तिसरीत १९१. सुरुवातीचे काही गेम थेट २५५ शीच ताडून बघतात आणि नव्या बोर्डावर की दाबल्याच्या भ्रमात राहतात. म्हणून मेनूत आवृत्तीची निवड ठेवाच.

आणि चाचणीसाठी नुसत्या एसएनए स्नॅपशॉटवर विसंबू नका. ४९,१७९ बाइटांच्या त्या फाइलीत प्रोग्रॅम काउंटरला वेगळी जागाच नाही, तो स्टॅकवर ढकलला जातो. स्टॅक पॉइंटर त्या क्षणी स्क्रीनमध्ये असला, तर चित्राचे दोन बाइट गेले, आणि तुम्ही दोष शोधत बसता आपल्या धडधाकट कोडमध्ये. टेपवरून लोड करा. तेही टॅप फाइलीवर भागत नाही, कारण तिच्यात रॉमच्या ठरावीक पद्धतीचे ब्लॉकच मावतात. स्पीडलॉकसारख्या लोडरला टीझेडएक्स फाइलच लागते.